पावणेदोन लाखांचा दवाखाना: ठाणे जिल्ह्यात गावच्या आरोग्याचा पैसा कुठून येतो आणि कुठे अडतो

वर्षाला 1,75,000 रुपये. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून प्राथमिक आरोग्य केंद्राला स्वतःच्या अखत्यारीत खर्च करायला मिळणारी ठरलेली रक्कम एवढीच. पूर्वी ती तीन नावांनी यायची: रुग्ण कल्याण समितीचे (दवाखान्याच्या खर्चाचे ठराव करणारी स्थानिक समिती) 1,00,000, वार्षिक देखभालीचे 50,000 आणि अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेल्या, निधीचे 25,000. पुढे तिन्ही एकत्र झाले, बेरीज मात्र तीच राहिली. बारा महिन्यांनी भागलं तर महिन्याला 14,583 रुपये. निकषानुसार सपाटीवर 30,000 लोकसंख्येला आणि आदिवासी-डोंगराळ भागात 20,000 लोकसंख्येला एक केंद्र. म्हणजे माणशी वर्षाला पावणेसहा ते पावणेनऊ रुपये. ठाणे स्टेशनबाहेर कटिंग याहून महाग पडतो.

एवढ्यावरून लगेच 'सरकार पैसेच देत नाही' म्हणू नका. या आकड्यात पगार नाहीत, लसी नाहीत, इमारत नाही, सरकारी पुरवठ्यातून येणारी औषधं नाहीत. ते सगळं दुसऱ्या खिशांतून येतं. दवाखाना एक आणि खिसे सात-आठ, प्रत्येक खिशाचा मालक वेगळा, हिशेबाची तारीख वेगळी. एका खिशातले पैसे दुसऱ्या कामाला लावले की ऑडिटचा परिच्छेद, म्हणजे तपासणीतला लेखी आक्षेप, लागतो. म्हणून एका खोलीत लाखोंचं यंत्र बंद पडून असतं आणि बाजूच्या खोलीत नळाचा वॉशर बदलायला पैसे नसतात. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

आधी जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणू. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा झाल्यावर ठाणे जिल्हा परिषदेकडे शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण आणि अंबरनाथ या पाच तालुक्यांचा ग्रामीण भाग उरला. इथली उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेची, त्यांचे वरिष्ठ जिल्हा आरोग्य अधिकारी. त्याच्या वरची पायरी म्हणजे 30 खाटांची ग्रामीण रुग्णालयं आणि 50 किंवा 100 खाटांची उपजिल्हा रुग्णालयं. ही थेट राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखालची. अर्ज घेऊन चुकीच्या दारात जाणारे बहुतेक जण इथेच चुकतात. ग्रामीण रुग्णालयाच्या गळक्या छपराबद्दल जिल्हा परिषद सदस्याला निवेदन दिलं तर तो फार तर पत्र पुढे पाठवील. त्याच्या हातात त्या इमारतीचा एक रुपया नाही.

पैशाच्या मुदतीलाही हा फरक लागू आहे, आणि तो फारच थोड्यांना माहीत असतो. जिल्हा नियोजन समितीकडून, म्हणजे पालकमंत्री अध्यक्ष असलेल्या समितीकडून, आरोग्यासाठी निधी मिळाला तर जिल्हा परिषदेला तो खर्चायला दोन वर्षं मिळतात. राज्याच्या विभागाला तोच निधी 31 मार्चच्या आत संपवावा लागतो. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात कपाटं आणि खुर्च्यांचे टेम्पो येतात. खुर्ची लगेच विकत घेता येते, गळकं छप्पर दुरुस्त करायला अंदाजपत्रक लागतं. ही उधळपट्टी नाही, तारखेची सक्ती आहे.

आता पावणेदोन लाख प्रत्यक्षात कुठे जातात ते पाहू. उदाहरण जनित्राचं घेतो, कारण शहापूर-मुरबाडच्या पावसाळ्यात सगळं त्याच्यापाशीच येऊन अडतं. केंद्रात लसींसाठी आयएलआर म्हणजे बर्फाचं अस्तर असलेला फ्रीज असतो. त्याचं तापमान 2 ते 8 अंशांच्या मध्ये राहायला हवं. वीज गेली तर बर्फाच्या अस्तरावर काही तास निघतात, पण झाड पडून लाइन तुटली की दोन दिवस सहज जातात. शिवाय प्रसूतीगृहात बाळाला ऊब देणारा वॉर्मर आहे, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे, सक्शन मशीन आहे. लहान डिझेल जनित्र तासाला अडीच-तीन लिटर पितं. दिवसाला चार तास धरले तर दहा लिटर, 90 रुपयांनी 900. जुलै महिनाभर असं चाललं तर 27,000. महिन्याच्या वाट्याच्या जवळपास दुप्पट, आणि ते फक्त डिझेल. त्यातूनच मग झाडू-फिनेल, केसपेपरची छपाई, प्रिंटरचं टोनर, टाकीची सफाई, मोटर रिवाइंडिंग, उंदरांनी कुरतडलेली वायर.

जैववैद्यकीय कचऱ्याचं बिलही बऱ्याच ठिकाणी याच पैशांतून भागवायला लागतं. 2016 च्या नियमांनुसार प्रक्रिया न केलेला कचरा 48 तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. कचरा नेणाऱ्याची बिलं थकली की गाडी यायची थांबते, पिवळ्या पिशव्या मागच्या पडवीत साचतात आणि नियम मोडल्याचा ठपका येतो वैद्यकीय अधिकाऱ्यावर.

यावर सौरऊर्जा हा उपाय सगळे सुचवतात आणि तो बरोबरही आहे. पण पॅनेल बसवायचे पैसे जिल्हा नियोजनातून किंवा कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, मिळतात, बॅटरी बदलायचे मिळत नाहीत. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य चार-पाच वर्षांचं. पाणी न घातल्यास त्याहून कमी, आणि डिस्टिल्ड वॉटर घालायची जबाबदारी कोणाच्याच कामांच्या यादीत नसते. पाचव्या वर्षी छपरावर पॅनेल चकचकीत आणि खाली जनित्राचा धूर, हे दृश्य म्हणूनच दिसतं. प्रस्ताव देताना पाच वर्षांच्या देखभालीचा करार खरेदीच्या किमतीतच धरून घ्यावा. नंतर मागितला तर तो आवर्ती, म्हणजे दरवर्षी येणारा, खर्च ठरतो आणि आवर्ती खर्चाला कोणी हात लावत नाही.

एक छोटी गोष्ट, फुकटात होणारी. विजेच्या बिलावर वर्गवारी बघा. महावितरणच्या दरपत्रकात सरकारी रुग्णालयं 'सार्वजनिक सेवा' गटात, त्यातही शासकीय उपगटात येतात. जुन्या उपकेंद्राचं मीटर ग्रामपंचायतीने कधीतरी घेतलेलं असतं आणि बिल व्यापारी दराने येत राहतं. एक अर्ज, मालकीचा कागद आणि वैद्यकीय अधिकाऱ्याचं पत्र एवढ्यात ते बदलतं.

पैसे आहेत आणि तरी खर्च होत नाहीत, असंही असतं, आणि माझ्या मते खरी गाठ तिथेच आहे. जुलै 2021 पासून केंद्र सरकारच्या योजनांचा पैसा राज्याच्या एकाच नोडल, म्हणजे मुख्य, खात्यात ठेवायची पद्धत आली. आरोग्य केंद्राच्या नावाचं खातं असतं ते शून्य शिलकीचं. त्याला फक्त खर्चाची मर्यादा मिळते. बिल पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी खर्चाच्या ऑनलाइन प्रणालीवर, चढवायचं, एकाने नोंद करायची, दुसऱ्याने मंजूर करायची, मग पैसे थेट पुरवठादाराच्या खात्यात. व्याज खात पडून राहणारा निधी यामुळे कमी झाला, हे मान्य. पण नळ गळतो आहे, गावातला प्लंबर 350 रुपये मागतो आहे. त्याला आधी पुरवठादार म्हणून नोंदवायचं. त्याचं बँक खातं, आयएफएससी, पॅन. त्याच्या आधार कार्डावरचं नाव आणि पासबुकातलं नाव जुळत नाही. त्यात वैद्यकीय अधिकाऱ्याची बदली झाली की नव्या माणसाच्या नावाने मंजुरीचे अधिकार चढेपर्यंत आठवडे जातात, तेवढे दिवस कोणतंच बिल निघत नाही. मग प्लंबर 'साहेब, राहू द्या' म्हणतो, किंवा परिचारिका स्वतःच्या पाकिटातून पैसे देते. वर्षाअखेर न वापरलेली मर्यादा शून्य होते, आणि पुढच्या वर्षी 'मागचा निधीच खर्च झाला नाही' म्हणून हप्ता उशिरा येतो.

यातून सुटायला अनुभवी लेखापाल एक करतात: एप्रिलमध्येच पाच-सहा स्थानिक माणसांची, म्हणजे प्लंबर, वायरमन, वेल्डर, स्टेशनरीवाला, पेट्रोल पंप, यांची नोंदणी करून ठेवतात आणि रुग्ण कल्याण समितीच्या पहिल्याच सभेत किरकोळ दुरुस्तीसाठी वर्षाचा एकत्रित ठराव घेतात. प्रत्येक नळाला वेगळा ठराव लागत नाही. मोठ्या खरेदीला तीन दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश, साठा नोंदवहीतली नोंद आणि मग बिल, हा क्रम उलटा-पालटा झाला की परिच्छेद नक्की. सगळ्यात जास्त सापडणारी चूक म्हणजे तिन्ही दरपत्रकांवर एकच हस्ताक्षर. दुसरी, पुरवठा आदेशाची तारीख बिलानंतरची. यात दरवेळी खाबुगिरी असतेच असं नाही, पण वसुली निघते ती डॉक्टरच्या नावाने आणि निवृत्तीपर्यंत पाठ सोडत नाही. तरुण डॉक्टर खर्चालाच घाबरतात ते यामुळे.

रुग्णवाहिकेच्या डिझेलचं गणित आणखी विचित्र. गर्भवती, बाळंतीण आणि एक वर्षापर्यंतचं आजारी बाळ यांना नेण्या-आणण्याचा खर्च जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमातून निघतो. बाळंतिणीचं जेवणही त्यातूनच, साध्या प्रसूतीला तीन दिवस, सिझेरियनला सात. पण भातलावणीच्या दिवसांत डोळखांबकडच्या एखाद्या पाड्यावर घोणस चावलेला माणूस आला, त्याला सर्पदंशाच्या दहा कुप्या लावल्या आणि तरी रक्त गोठत नाही म्हणून खाली शहराकडे पाठवायचा, तर त्याच गाडीच्या त्याच टाकीतलं डिझेल आता खर्चाच्या वेगळ्या शीर्षातलं लागतं. 108 आली तर प्रश्न नाही. ती दुसरीकडे गुंतली असेल तर पुन्हा पावणेदोन लाखच. लॉगबुकात फेरी कोणत्या कारणाची हे त्याच दिवशी लिहिलं नाही तर महिन्याच्या शेवटी लिटरचा ताळमेळ बसत नाही, आणि खऱ्या फेरीचं डिझेलही नामंजूर होतं.

असा रुग्ण उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात किंवा ठाण्याला सिव्हिलमध्ये जातो. तिथे जागा नसली की कळव्याला, जे ठाणे महापालिकेचं, म्हणजे ठाणेकरांच्या कराचं. शहापूर तालुक्यातल्या भातसा-तानशाचं पाणी शहराकडे येतं, मागोमाग रुग्णही येतात. वर गावाकडे भूलतज्ज्ञ नसला की खाली शहरात खाटा भरतात, एवढं सरळ नातं आहे.

इमारतींकडे वळू. इमारतीला पैसा मिळणं तुलनेने सोपं. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 या पाच वर्षांसाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यासाठी देशभरात 70,051 कोटी ठेवले. त्यात स्वतःची इमारत नसलेली उपकेंद्रं आणि आरोग्य केंद्रं हा एक स्वतंत्र भाग होता. जिल्हा नियोजन आहे, आदिवासी उपयोजना आहे, खासदारांचे वर्षाला 5 कोटी आहेत. पण नवं केंद्र चालू व्हायला तीन वेगळ्या मंजुऱ्या लागतात: राज्याच्या आरोग्य संस्थांच्या बृहत् आराखड्यात नाव, बांधकामाला प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता, आणि पदनिर्मिती. पहिल्या दोन जिल्ह्याच्या रेट्याने पुढे सरकतात. पदनिर्मिती मंत्रालयात वित्त विभागाच्या संमतीने आणि उच्चस्तरीय सचिव समितीतून होते, तिचा स्वतंत्र शासन निर्णय निघतो. इमारत उभी, फीत कापलेली, आत कुलूप, हे दिसलं की समजा तिसरा कागद आलेला नाही. ग्रामस्थ ठेकेदाराला शिव्या घालतात, त्याचं काम कधीच संपलेलं असतं. अशा वेळी मागणी 'दवाखाना सुरू करा' अशी मोघम न करता 'पदनिर्मितीचा प्रस्ताव कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकाने मंत्रालयात गेला' अशी करावी. उत्तर एका ओळीत येतं, किंवा प्रस्ताव गेलेलाच नाही हे कळतं.

जागेचा तिढा शहापूर-मुरबाडमध्ये वनजमिनीचा. इथे बरेच जण वनसंवर्धन कायद्याच्या लांब वाटेने जातात आणि वर्षं घालवतात. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) मध्ये दवाखान्यासाठी वेगळी सोय आहे: एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी 75 हून जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. एवढ्या अटींत बसलं तर उपवनसंरक्षकांच्या पातळीवर काम होतं. उपकेंद्राला तर चार-पाच गुंठे पुरतात. ग्रामसभेच्या ठरावात गट क्रमांक, क्षेत्र आणि झाडांची संख्या हे तिन्ही लिहिलेलं असलं पाहिजे. नुसतं 'दवाखान्यास जागा द्यावी' असा ठराव परत येतो.

गावाच्या हातातही पैसा असतो, तो दवाखान्याकडे वळतच नाही. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे अनुसूचित आदिवासी भागातल्या, ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधी थेट मिळतो, आणि आरोग्य-स्वच्छता-शिक्षण हा त्याच्या चार वापरांपैकी एक आहे. व्यवहारात तो बहुधा सिमेंटच्या रस्त्यात जातो. शिवाय महसुली गावाच्या आरोग्य-पोषण समितीला वर्षाला 10,000 असतात. साध्या उपकेंद्राला 20,000, आणि त्याचा दर्जा वाढून आयुष्मान आरोग्य मंदिर झालं असेल तर 50,000. तिथल्या जन आरोग्य समितीचा अध्यक्ष सरपंच आणि सदस्य-सचिव समुदाय आरोग्य अधिकारी. कित्येक सरपंचांना आपण अध्यक्ष आहोत हेच ठाऊक नसतं. सही मात्र घेतलेली असते.

स्वतः कमावण्याचे मार्ग दोनच आणि दोन्ही कष्टाचे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं मोफत झालं. रुग्णाच्या दृष्टीने ते उत्तमच झालं, पण समितीच्या हातात पडणारी चिल्लर आटली. उरलं एक 'कायाकल्प': स्वच्छतेच्या तपासणीत 70 टक्क्यांवर गुण मिळाले तर आरोग्य केंद्राला 50,000 आणि जिल्ह्यात पहिलं आलं तर 2 लाख. म्हणजे पहिला क्रमांक वर्षभराच्या निधीपेक्षा मोठा. दुसरा मार्ग ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांचा, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या दाव्यांचा, म्हणजे केलेल्या उपचाराचे पैसे योजनेकडून मिळवण्याचा. शस्त्रक्रिया होते, पण रेशनकार्डावरच्या नावात काना-मात्रेचा फरक, डिस्चार्जच्या कागदावर सही नाही, शस्त्रक्रियेनंतरचा फोटो जोडलेला नाही, असल्या कारणांनी दावा परत येतो. दाव्याचा कागद सांभाळणारा एक माणूस ठेवला तर तो आपला पगार सहज वसूल करून देतो. पण तो ठेवायचा कोणत्या शीर्षातून, हा प्रश्न पुन्हा आहेच.

तळोजा, महापे, रबाळे इथल्या कंपन्यांचा सीएसआरचा पैसा शहापूरपर्यंत जरूर यावा. मोठ्या कंपन्यांना कायद्याने नफ्याच्या 2 टक्के खर्च करायचेच आहेत. फक्त देणाऱ्याने यंत्राबरोबर तीन गोष्टी विचाराव्यात: याची किट किंवा रीएजंट (तपासणीची रसायनं) सरकारी पुरवठ्यात मिळतात का, चालवणारं पद भरलेलं आहे का, आणि वॉरंटी संपल्यावर देखभाल कराराचे पैसे कोण भरणार. रक्ततपासणीचं ॲनालायझर तर एकाच कंपनीचं रीएजंट मागतं. ते संपलं की यंत्रावर चादर पडते. त्यापेक्षा पाच वर्षांचं डिझेल किंवा स्टॅबिलायझर द्या म्हटलं तर फोटो काढण्यासारखं काही उरत नाही, म्हणून कोणी देत नाही.

तारखांचं भान ठेवलं तर अर्ध्या अडचणी टळतात. आरोग्य अभियानाचा आराखडा आता दोन वर्षांचा असतो, त्यात नाव नसलेलं काम मध्येच घुसत नाही. जिल्हा नियोजनाच्या प्रारूपाची तयारी दिवाळीच्या आसपास सुरू होते, म्हणजे दुरुस्तीचं अंदाजपत्रक, जागेचा सातबारा आणि फोटो सप्टेंबरअखेर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर हवेत. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याच्या ग्रामसभा 2 ऑक्टोबरपासून. त्याआधी रुग्ण कल्याण समितीची मागच्या वर्षाची इतिवृत्तं, पीएफएमएसवरचा खर्चाचा उतारा आणि साठा नोंदवहीची प्रत मागून घ्या. तोंडी मागून मिळाली नाहीत तर माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, 30 दिवस. अर्जात 'सर्व माहिती द्यावी' असं लिहू नका. आर्थिक वर्ष, केंद्राचं नाव आणि कागदाचं नाव एवढंच लिहा. आणि उतारा हातात आला की आधी मार्च महिन्याचं पान उघडा.